चार्ल्सटनची जुनी घरं: दर्शनी भिंत आणि मागचं अंगण

वास्तू आणि इतिहास या विषयावरच्या आपल्या मालिकेतलं हे पुढचं व्याख्यान. आजचं शहर आपल्यापासून फार लांबचं आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन. तिथली जुनी घरं, चर्चेस, बाजाराच्या इमारती बघायला दरवर्षी लाखो लोक येतात. आपण आज ती घरं बघू, पण बघताना एक प्रश्न सोबत ठेवू. एखादी वास्तू आपण जपतो, तेव्हा नेमकं काय जपतो? विटा आणि चुना जपतो, की त्या घरात जगलेल्या माणसांची आठवण? आणि आठवण जपत असू, तर कुणाची? हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. या शहराने गेली शंभर वर्षं त्याची निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली आहेत आणि त्यातली काही नंतर बदलली आहेत. म्हणून हे शहर निवडलं.

आधी थोडं भूगोल आणि पैशाबद्दल. कारण घर कुठलंही असो, त्याच्या पायात आधी पैसा असतो, मग दगड.

इंग्रजांनी ही वसाहत १६७० मध्ये वसवली. राजा दुसऱ्या चार्ल्सच्या नावावरून चार्ल्स टाउन. दहा वर्षांनी, म्हणजे १६८० मध्ये, वस्ती आजच्या जागी हलवली. ही जागा म्हणजे जमिनीची एक जीभ आहे. एका बाजूला अॅशली नदी, दुसऱ्या बाजूला कूपर नदी, टोकाला खाडी आणि पुढे अटलांटिक महासागर. सुरुवातीच्या वसाहतकारांपैकी बरेच बार्बाडोस बेटावरून आले होते. तिथे उसाचे मळे होते आणि ते मळे गुलामांच्या कष्टावर चालत. हे लोक येताना पैसा घेऊन आले आणि ती पद्धतही घेऊन आले. कॅरोलायनात ऊस नाही, पण भात उत्तम येतो हे लवकरच कळलं. दलदलीत बांध घालायचे, भरती-ओहोटीच्या पाण्यावर भाताची खाचरं भिजवायची, हे काम अत्यंत कष्टाचं आणि रोगराईचं. ते केलं आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांनी. त्यांच्यातले अनेक पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या प्रदेशांतले होते. भाताच्या जोडीला १७४० नंतर नीळ आली. क्रांतीच्या युद्धानंतर इंग्लंडचं अनुदान बंद झालं आणि हा नीळ-व्यापार बसला. इंग्लंडने आपली निळीची गरज मग कुठून भागवली? बंगालमधून. म्हणजे आपल्याकडच्या निळीच्या दुःखाच्या कहाणीत या शहराचा एक धागा आहे.

तर भात आणि नीळ या दोन पिकांवर अठराव्या शतकात चार्ल्सटन हे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक झालं. मळेवाल्यांची खेड्यात शेती आणि शहरात घर. उन्हाळ्यात भातखाचरांत मलेरिया, म्हणून सगळं कुटुंब शहरात. मग नाच, नाटकं, घोड्यांच्या शर्यती आणि अर्थातच एकमेकांच्या घरांशी स्पर्धा.

आता घर बघू.

चार्ल्सटनच्या घराचा एक खास नमुना आहे. त्याला तिथे ‘सिंगल हाउस’ म्हणतात. सिंगल म्हणजे एकपदरी. रस्त्याकडे घराचा अरुंद बाजूचा भाग असतो, रुंदी फक्त एका खोलीची. घर लांबतं ते आत, मागच्या दिशेने. प्रत्येक मजल्यावर दोन खोल्या आणि मधे जिना. लांबीच्या एका बाजूला, बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला, मजल्यागणिक लांबच लांब ओसरी. तिला ते ‘पियाझा’ म्हणतात. गंमत अशी की रस्त्यावर जो दरवाजा दिसतो, तो घराचा दरवाजाच नव्हे. तो उघडला की तुम्ही घरात नाही, ओसरीवर येता. खरं दार ओसरीच्या मध्यावर. आपल्या वाड्याच्या देवडीसारखंच बघा. बाहेरचा माणूस पहिल्या दारातून आत आला तरी तो अजून घरात आलेला नसतो.

हा नमुना का तयार झाला? तिथे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. म्हणे रस्त्याकडच्या रुंदीवर कर होता, तो चुकवायला लोकांनी घरं आडवी बांधली. ऐकायला छान आहे, पण असा कर लावल्याचा कागद अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. खरी कारणं साधी आहेत. शहराचे भूखंड अरुंद आणि खोल पाडलेले होते. उन्हाळा दमट. खाडीवरचा वारा घरभर खेळायचा तर खोल्यांना दोन्ही बाजूंनी खिडक्या हव्यात. ओसरी भिंतीवर सावली धरते, रात्री लोक तिथेच झोपत. आणि तिसरं कारण आग. १८ नोव्हेंबर १७४० ला लागलेल्या आगीत तीनशेच्या आसपास इमारती गेल्या. त्यानंतर विटांचं बांधकाम वाढलं आणि दोन घरांत अंतर ठेवणं शहाणपणाचं ठरलं. हवामान, जमिनीची मोजणी आणि भीती या तिन्हींनी मिळून हे घर घडवलं. घराचा आकार हा असा एक दस्तऐवज असतो, फक्त तो वाचता यावा लागतो.

याहून मोठी, श्रीमंतांची घरं ‘डबल हाउस’ असत, रस्त्याकडे तोंड करून, चार खोल्यांच्या मजल्याची. थॉमस हेवर्ड हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा गृहस्थ. त्याचं १७७२ चं घर आजही उभं आहे. मे १७९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन शहरात आले तेव्हा ते याच घरात उतरले होते. नथॅनियल रसेल या व्यापाऱ्याचं १८०८ चं घर जिन्यासाठी प्रसिद्ध आहे. हा गोल फिरत जाणारा जिना तीन मजले चढतो आणि भिंतीला कुठेही टेकल्यासारखा दिसत नाही. रसेलच्या व्यापारात गुलामांचा व्यापारही होता, हे त्या जिन्याखाली उभं राहून पूर्वी कुणी सांगत नसे.

इथपर्यंत आपण घराची दर्शनी बाजू पाहिली. आता मागे चला.

या प्रत्येक घराच्या मागे अंगण होतं आणि त्या अंगणात दुसरी एक वस्ती होती. स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं, कारण पुन्हा आग. त्याला लागून धुणं धुण्याची जागा. घोड्यांचा तबेला, बग्गीची खोली, शौचकूप. आणि स्वयंपाकघराच्या, तबेल्याच्या माडीवर छोट्या छोट्या खोल्या. तिथे गुलाम राहत. सगळ्याला उंच भिंत. मळ्यावरचा गुलाम मालकाच्या घरापासून लांब झोपडीत असे. शहरातला गुलाम मालकाच्या खिडकीखाली असे, रात्रंदिवस नजरेत.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे एकेन-र्‍हेट घर. १८२० च्या सुमारास बांधलेलं. पुढे विल्यम एकेन या गव्हर्नराने ते वाढवलं, सजवलं. हा एकेन राज्यातल्या सर्वांत मोठ्या भातमालकांपैकी एक, एका बेटावरच्या त्याच्या मळ्यावर सुमारे ७०० गुलाम होते. शहरातल्या घरात झुंबरं, युरोपातून आणलेली चित्रं आणि पुतळे. मागच्या अंगणात माडीवरच्या गुलामांच्या खोल्या आजही बघता येतात. हे कुटुंब १९७५ पर्यंत त्या घराचं मालक होतं आणि त्यांनी पुष्कळ भाग नुसता बंद करून ठेवला होता. त्यामुळे मागचं अंगण कुणी पाडलं नाही, सुधारलंही नाही.

१८२० च्या जनगणनेत चार्ल्सटनची लोकसंख्या २५ हजारांच्या आत होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. बहुतेक सगळे गुलाम. सुतार, गवंडी, लोहार, कोळी, हमाल, स्वयंपाकी, शिंपी, शहर चालायचं ते यांच्या हातांवर. मालक आपला गुलाम दुसऱ्याकडे कामाला देई आणि मजुरी स्वतः घेई. त्यासाठी नगरपालिका शुल्क घेऊन तांब्याचा बिल्ला देत असे. बिल्ल्यावर शहराचं नाव, वर्ष, क्रमांक आणि धंदा. ‘हमाल’, ‘नोकर’, ‘कारागीर’ वगैरे. माणसाचं नाव नाही. आज घरांच्या परसात उत्खनन झालं की हे बिल्ले मातीतून निघतात.

ज्या शहरात मालक अल्पसंख्य आणि गुलाम बहुसंख्य, तिथे वास्तूवर भीतीची खूण उमटणारच. डेन्मार्क व्हेसी नावाचा एक सुतार होता. १७९९ मध्ये त्याला सोडतीत १५०० डॉलर मिळाले, त्यातले ६०० देऊन त्याने स्वतःला विकत घेतलं. बायका-मुलं मात्र गुलामीतच राहिली. १८२२ मध्ये त्याने गुलामांच्या उठावाचा कट केला असा आरोप झाला. व्हेसीसह ३५ जणांना फाशी दिली गेली. कृष्णवर्णीयांचं जे स्वतंत्र चर्च होतं ते नष्ट करण्यात आलं. शस्त्रागार आणि पहाऱ्याची व्यवस्था उभी राहिली, त्यातून पुढे १८४२ मध्ये ‘सिटाडेल’ ही लष्करी शिक्षणसंस्था निघाली. आणि घरांच्या कुंपणांवर काय आलं? लोखंडी आडवे भाले. माइल्स ब्रूटन या व्यापाऱ्याचं १७६० च्या दशकातलं अतिशय देखणं घर आहे. त्याच्या लोखंडी कुंपणावर हे काटेरी भाले आजही आहेत. पर्यटक त्यांचे फोटो काढतात, सुंदर लोखंडी काम म्हणून. ते आहेच सुंदर. पण ते बसवलं गेलं ते शेजारच्या अंगणात झोपणाऱ्या माणसांच्या धास्तीने.

आता दोन सार्वजनिक इमारती. पहिली जुनी एक्सचेंज, म्हणजे व्यापाऱ्यांची पेठ आणि जकातघर. १७६७ ते १७७१ मध्ये बांधलेली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथून वाचला गेला, संविधानाला राज्याची मान्यता इथे दिली गेली. अमेरिकेच्या लोकशाहीची ही पवित्र जागाच म्हणा. आणि याच इमारतीच्या उत्तरेच्या बाजूला, भर रस्त्यावर, गुलामांचे लिलाव होत. जाहीरनामा आणि लिलाव, भिंत एकच. १८५६ मध्ये नगरपालिकेने रस्त्यावरच्या विक्रीला बंदी केली. कारण दया नव्हे, देखावा बरा दिसत नव्हता. मग विक्री आत गेली. चामर्स स्ट्रीटवर लिलावाची आवारं उभी राहिली. १८५९ मध्ये तिथे बांधलेली एक इमारत आजही आहे. तीच दुसरी इमारत, ‘ओल्ड स्लेव्ह मार्ट’. तिच्याविषयी पुढे बोलू.

१२ एप्रिल १८६१ ला या शहराच्या बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. कापूस बाहेर जाईना. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा, तो मग कुठून आला? मुंबईहून. मंडळी, हा दुवा आपण लक्षात ठेवला पाहिजे. त्या चार वर्षांत मुंबईत अक्षरशः सोन्याचा पाऊस पडला. शेअरबाजाराचं वेड लागलं, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, नव्या भव्य इमारतींच्या योजना निघाल्या. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर त्यातूनच उभा राहिला. एकाच युद्धाने मुंबईला नवी वास्तुरचना दिली आणि चार्ल्सटनला जुनीत गोठवून टाकलं.

गोठवलं कसं? डिसेंबर १८६१ मध्ये मोठी आग लागली, शहराचा आडवा पट्टाच जळाला. मग तोफांचा मारा. १८६५ मध्ये युद्ध संपलं, गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांची संपत्तीही संपली, कारण त्यांची संपत्ती म्हणजे माणसंच होती. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री दहाच्या सुमारास भयानक भूकंप झाला. शहरातली क्वचितच एखादी विटांची इमारत शाबूत राहिली. जुन्या घरांच्या भिंतींवर आज लोखंडी चकत्या दिसतात, कुठे गोल, कुठे सिंहाच्या तोंडाच्या. खचलेल्या भिंती आवळून धरायला आरपार सळया घातल्या, त्यांची ती टोकं.

नवं बांधायला पैसा नाही, म्हणून जुनं दुरुस्त करत राहायचं. उत्तरेतली शहरं जुनं पाडून नवं बांधत होती, तेव्हा चार्ल्सटनला पाडणंही परवडत नव्हतं. म्हणजे या शहराचा पहिला संरक्षक कोण? गरिबी. हे आपल्याकडच्या कितीतरी गावांना लागू पडेल. आपल्याकडेही ज्या गावात पैसा उशिरा आला तिथले वाडे टिकले.

विसाव्या शतकात मात्र धोका आला, तो बाहेरच्या पैशाचा. मोटारी आल्या, पेट्रोल पंप हवे झाले. आणि श्रीमंत संग्राहक व संग्रहालयं जुन्या घरांतलं लाकडी नक्षीकाम, लोखंडी सज्जे, कधी आख्खी खोली सोडवून नेऊ लागली. कर्नल जॉन स्टुअर्टच्या घरातल्या दोन खोल्या आज पार उत्तरेला मिनिआपोलिसच्या कलासंग्रहालयात आहेत.

इथे सुसान प्रिंगल फ्रॉस्ट या बाईंचं नाव घेतलं पाहिजे. जुन्या मळेवाल्या घराण्यातल्या, पण पैसा गेलेला. न्यायालयात लघुलेखिका म्हणून काम केलं, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढल्या आणि मग घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय सुरू केला. पडकी घरं कर्ज काढून घ्यायची, नीट करायची, विकायची. १९२० मध्ये जोसेफ मॅनिगॉल्टचं १८०३ चं घर पाडलं जाणार अशी बातमी आली. फ्रॉस्टबाईंनी लोकांना जमवलं आणि जुन्या घरांच्या संरक्षणासाठी संस्था काढली. घर वाचलं, पण हाल झाले. बागेचा तुकडा पेट्रोल पंपासाठी विकावा लागला. बागेच्या दाराशी असलेली सुबक देवळी पंपाच्या गिऱ्हाइकांचं स्वच्छतागृह झाली. शेवटी १९३३ मध्ये ते घर चार्ल्सटन म्युझियमकडे आलं.

दरम्यान १९३१ मध्ये चार्ल्सटन नगरपालिकेने एक नियम केला. अमेरिकेत असा हा पहिलाच. शहराचा जुना भाग एक ऐतिहासिक क्षेत्र ठरवायचा आणि तिथल्या इमारतींच्या बाह्यरूपात बदल करायचा तर एका मंडळाची परवानगी घ्यायची. पाडकाम रोखण्याचे अधिकार या मंडळाला पुढे मिळाले. एकेक स्मारक जपण्याऐवजी आख्खी वस्ती जपायची ही कल्पना तिथून अमेरिकाभर गेली. न्यू ऑर्लिन्सने ती याच दशकात उचलली. आज आपण ‘हेरिटेज परिसर’ म्हणतो, त्या विचाराच्या मुळाशी जी काही शहरं आहेत त्यांत हे एक.

याच वेळची गोष्ट ‘रेनबो रो’ची. ईस्ट बे स्ट्रीटवर अठराव्या शतकातली ओळीने १३ घरं आहेत, खाली दुकान, वर बिऱ्हाड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची पार कळा गेली होती. फ्रॉस्टबाईंनी त्यातली सहा घेऊन ठेवली. १९३१ मध्ये डोरोथी लेग या बाईंनी एक घर घेऊन त्याला गुलाबी रंग दिला. शेजाऱ्यांनी पिवळा, निळा, हिरवा दिला. आज ती ओळ शहराची ओळख झाली आहे. गाइड सांगतात की दारू प्यालेल्या खलाशांना आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग. त्यात तथ्य नाही. रंग १९३० नंतरचे आहेत.

इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे आणि ती खरीही आहे. पण आता तो सोबत ठेवलेला प्रश्न बाहेर काढू.

१९३१ च्या नियमाचे शब्द बघा. रस्त्यावरून जे दिसतं त्याचं रक्षण. म्हणजे दर्शनी भिंतीचं. मागच्या अंगणातलं स्वयंपाकघर, माडीवरच्या खोल्या रस्त्यावरून कुठे दिसतात? काही पडल्या, काहींचे गॅरेज झाले, काही पाहुण्यांच्या खोल्या म्हणून भाड्याने गेल्या. संग्रहालय झालेल्या घरांत चांदीची भांडी कुठल्या साली घडवली ते सांगितलं जाई. ती घासणाऱ्यांचा उल्लेख ‘नोकर’ असा व्हायचा. ‘गुलाम’ हा शब्द कित्येक दशकं टाळला गेला.

दुसरी गोष्ट त्याहून कठीण. ही पडकी घरं रिकामी नव्हती. युद्धानंतर, श्रीमंत निघून गेल्यावर, त्यांत भाड्याने गरीब कुटुंबं राहत होती, बरीचशी कृष्णवर्णीय. त्यांच्या आज्या-पणज्या त्याच गल्ल्यांत गुलाम होत्या. फ्रॉस्टबाईंनी ट्रॅड स्ट्रीटवरची घरं घेतली तेव्हा ही कुटुंबं बाहेर पडली. १९४७ मध्ये ‘हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशन’ ही संस्था निघाली. तिने १९५९ पासून अॅन्सनबरो या भागात फिरता निधी उभारून साठावर घरं वाचवली. घर घ्यायचं, संरक्षणाच्या अटी घालून विकायचं, आलेल्या पैशातून पुढचं घ्यायचं. पद्धत अतिशय हुशारीची, देशभर तिचं अनुकरण झालं. पण घर सुधारलं की भाडं वाढतं आणि जुना भाडेकरू जातो. जवळच एक मोठं सभागृह बांधायला कृष्णवर्णीयांची वस्तीच्या वस्ती उठवली गेली. एकेकाळी बहुसंख्य असलेले हे लोक आज चार्ल्सटनमध्ये स्पष्टपणे अल्पसंख्य आहेत. घरं राहिली, माणसं गेली.

मला इथे कुणाला खलनायक करायचं नाही. फ्रॉस्टबाई नसत्या तर आज बघायला काहीच उरलं नसतं, मागचं अंगणही नाही. पण वास्तू वाचवणं आणि न्याय करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही, हे मात्र या शहरावरून शिकावं.

मग बदल कसा झाला? हळूहळू, आणि पुष्कळसा त्याच विटांमधून.

चार्ल्सटनच्या जुन्या भिंती जवळून बघितल्या की काही विटांवर बोटांचे ठसे दिसतात. नदीकाठच्या मळ्यांवर गुलाम या विटा पाडत. ओल्या विटा उलटताना बोटं रुतत, आणि भट्टीत तो ठसा कायमचा भाजला जाई. काही ठसे इतके बारीक आहेत की ते मुलांच्याच हाताचे असणार. ज्या माणसाचं नाव कुठल्याही वहीत नाही, त्याची सही भिंतीत आहे. फक्त ती बघायला कुणी थांबत नव्हतं.

चामर्स स्ट्रीटवरच्या लिलावघराचं १९३८ मध्ये मिरियम विल्सन या बाईंनी संग्रहालय केलं. तेव्हा शहरात कितीतरी लोक सांगत की इथे असं काही घडलंच नाही. १९८८ मध्ये नगरपालिकेने ती इमारत घेतली, २००७ मध्ये संग्रहालय नव्याने उघडलं. एकेन-र्‍हेट घर १९९५ मध्ये फाउंडेशनकडे आलं तेव्हा त्यांनी ते नवंकोरं केलं नाही. जसं सापडलं तसंच राखायचं ठरवलं. सोललेले रंग, फाटका भिंतकागद, आणि मागच्या माडीवरच्या खोल्याही तशाच. तिथली फेरी दिवाणखान्यापाशी संपत नाही, अंगणातून जाते. २०१० मध्ये जोसेफ मॅकगिल या गृहस्थांनी एक साधा उपक्रम सुरू केला. गुलामांच्या उरलेल्या घरांत जाऊन एक रात्र झोपायचं. का? तर मालकाच्या घराला वास्तू म्हणतात आणि याला गोठा समजून पाडतात. माणूस तिथे झोपला की लोकांना कळतं की ही माणसांची घरं होती.

लोखंडी कामाचीही अशीच कथा. फिलिप सिमन्स हा कृष्णवर्णीय लोहार, जन्म १९१२, मृत्यू २००९. त्याचा गुरू गुलामीत जन्मलेला होता. सिमन्सने शहरात पाचशेहून अधिक फाटकं, कठडे, जाळ्या घडवल्या आणि १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला. ज्या कारागिरीला लोक जुन्या श्रीमंतांची अभिरुची म्हणत, तिचे हात कुणाचे होते हे सिमन्सच्या नावामुळे लोकांना उघड दिसलं.

आणि मग १७ जून २०१५. व्हेसीच्या काळात ज्या मंडळीचं चर्च नष्ट झालं, त्यांचंच पुढचं चर्च म्हणजे मदर इमॅन्युएल, आजची इमारत १८९१ ची. तिथे बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांना एका वर्णद्वेषी तरुणाने गोळ्या घातल्या. जुना इतिहास संपलेला नाही हे शहराला फार मोठी किंमत देऊन कळलं. १९ जून २०१८ ला नगरपालिकेने गुलामगिरीतल्या आपल्या भूमिकेबद्दल जाहीर माफी मागितली. ठराव ७ विरुद्ध ५ मतांनी झाला. फरक किती कमी आहे बघा. जून २०२० मध्ये गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता जॉन कॅल्हून याचा चौकातला पुतळा उतरवला. आणि जून २०२३ मध्ये गॅड्सडेनच्या धक्क्यावर आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय उघडलं. १८०८ मध्ये आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी आली, त्याच्या आधीच्या अखेरच्या काळात हजारो लोकांना याच धक्क्यावर उतरवलं गेलं होतं. इमारत खांबांवर उचललेली आहे. खालची जमीन मोकळी ठेवली आहे. त्या जमिनीवर काही बांधायचं नाही, हीच तिथली वास्तुरचना.

आता समारोपाकडे येतो. आपल्याला यातून काय घ्यायचं?

पहिलं, वास्तू टिकण्यामागे अभिमानापेक्षा अनेकदा गरिबी असते. पैसा आला की खरी परीक्षा सुरू होते. म्हणून नियम पैसा येण्याआधी करावे लागतात. १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, या शहराने तो केला.

दुसरं, नियम करताना रस्त्यावरून काय दिसतं एवढंच बघू नये. आपल्या वाड्यांतही मागचं दार असतं, न्हाणीघर, कोठीघर, पागा असते, दगडी जातं आणि उखळ असतं, दारापर्यंतच येऊ दिलेल्या माणसांची एक जागा असते. वाड्याचा नकाशा काढताना ती जागा नकाशात आली पाहिजे. नाहीतर आपण अर्धाच वाडा जपतो आणि पूर्ण जपला म्हणून सांगतो.

तिसरं, वाचवलेल्या घरात पूर्वी कोण राहत होतं आणि वाचवल्यावर ते कुठे गेलं, हा प्रश्न त्याच दिवशी विचारावा. पन्नास वर्षांनी विचारला तर उत्तर मिळतं, पण माणसं परत येत नाहीत.

काही लोक म्हणतात, हे सगळं सांगून त्या सुंदर घरांची मजा घालवता तुम्ही. मला तसं वाटत नाही. रसेलच्या घरातला जिना आजही तितकाच सुंदर आहे. फक्त त्याखाली उभं राहिल्यावर मान वर करून जसं बघायचं, तसंच वळून मागच्या दाराकडेही बघायचं. तो जिना घडवणारे हात, त्याची पायरी रोज पुसणारे हात, तेही त्या घराचेच होते. घर पूर्ण तेव्हाच दिसतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.